नावाचा रकाना शेवटी : रानातल्या अळंब्यांच्या प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर, शनिवार

पहिला दिवस. प्रकल्प असा : पानगळीच्या हंगामात, म्हणजे आजपासून दव गोठायला लागेपर्यंत, एकाच जंगलात पुन्हा पुन्हा जायचं आणि दिसेल त्या अळंबीची रीतसर नोंद करायची. खाणं हा उद्देश नाही. (खोटं कशाला बोलू, थोडासा आहे.) जंगलात शिरायची आणि नमुने उचलायची परवानगी काढून झाली आहे.

तीन तासांत अकरा नमुने मिळाले. चाकूने देठ कापले, माती झटकली, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकले. घरी आल्यावर एकेकीचा फोटो मोबाइलच्या अ‍ॅपला दाखवला, त्याने सांगितलेलं नाव वहीच्या पहिल्या रकान्यात लिहिलं, पुस्तकात त्या नावाचं वर्णन काढलं आणि पुढचे रकाने भरत गेलो. अकराच्या अकरा जुळल्या. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

रात्री ताईला फोटो पाठवले. ती बारा वर्षं यात आहे. कौतुकाची वाट बघत होतो. उत्तर आलं दोन शब्दांचं : "बुडं कुठायत?"

७ सप्टेंबर, रविवार

ताई सकाळीच आली. पिशवी उघडली तर आतून घाम फुटलेला, निम्म्या अळंब्यांचा लगदा झालेला. तिने ती बाजूला ठेवली आणि वही मागितली.

"अरे, पहिल्या रकान्यात नाव?"

"मग? ओळख पटवायचीय ना."

"तू ओळख कुठे पटवलीस? आधी नाव ठेवलंस आणि त्याला शोभेल असं वर्णन पुस्तकातून उतरवून काढलंस. बारसं आधी, बाळ मागून. हे बघ, इथे 'वास बदामासारखा' लिहिलंयस. घेतलास वास?"

घेतला नव्हता. पुस्तकात होता.

अकरापैकी सहा नावं तिने पाहताक्षणी खोडली. दोन बरोबर होती. उरलेल्या तिघींबद्दल म्हणाली, "बूड नाही, काही सांगता येणार नाही." देठ कापून घेतला की जमिनीत राहतो तो भाग म्हणजे अर्धी ओळख. तिथे पिशवीसारखं आवरण आहे का, गाठ आहे का, मुळासारखी शेपटी खोल गेली आहे का, की देठ लाकडातून आलाय, हे कापलेल्या अळंबीवरून कधीच कळत नाही.

वही नव्याने आखली. रकाने या क्रमाने : जागा आणि आसपासची झाडं, माती की लाकूड, टोपी, टोपीची खालची बाजू, देठ, बूड, कापल्यावर रंग बदलतो का, वास, बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा) ठसा. सगळ्यात शेवटी नाव, तेही पेन्सिलीने. कालचे अकरा नमुने मोजणीतून बाद. पुढच्या खेपेपासून क्रमांक एक.

१३ सप्टेंबर, शनिवार

नमुने १ ते ९. सामान बदललं : वेताची टोपली, मेणकागदाचे तुकडे, जुना चमचा (बूड खणायला चाकूपेक्षा चमचा बरा), मऊ ब्रश, भिंग, पट्टी. प्रत्येक अळंबी वेगळ्या कागदात, कागदावर क्रमांक. एकीचा चुरा दुसरीत मिसळता कामा नये.

एका चौरस मीटरमागे किती वेळ जातो याचा अंदाज नव्हता. नऊ नमुन्यांना चार तास लागले. पहिली दिसायला वीस मिनिटं गेली, पण तिच्यापाशी गुडघे टेकून बसलो तर हाताच्या अंतरात आणखी तीन निघाल्या. उभं राहून अळंब्या दिसत नाहीत.

रात्री ठसे घ्यायला लावले. टोपी देठापासून वेगळी करायची, पात्यांची (टोपीखालच्या पातळ पडद्यांची) बाजू खाली करून कागदावर ठेवायची, वर एक थेंब पाणी, आणि हवा लागू नये म्हणून वाटी उपडी घालायची. रात्रभरात बीजाणू खाली झरतात आणि पात्यांची नक्षी कागदावर उमटते. इंग्रजीत याला स्पोअर प्रिंट म्हणतात, आमच्या वहीत 'ठसा'.

१४ सप्टेंबर, रविवार

नऊपैकी पाच ठसे मिळाले आणि चार वाया गेले. निदान मला तरी तसं वाटलं. ताईला फोनवर सांगितलं, "चार कागद कोरे आहेत."

"कागद कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

पलीकडे बराच वेळ शांतता. कागद खिडकीपाशी तिरपा धरला तेव्हा दिसलं : पांढऱ्यावर पांढरी पूड, पिठासारखी, बोट लावलं की पुसली जाणारी. तीन ठसे होते, माझ्याच बोटांनी निम्मे पुसलेले. चौथा खरंच कोरा निघाला, ती अळंबी फार कोवळी होती.

आता जुन्या फोटोफ्रेमची काच वापरतो. काचेखाली काळा कागद सरकवला की फिकट ठसा दिसतो, पांढरा सरकवला की गडद. शिवाय ब्लेडने पूड खरवडून एका जागी तिचा छोटा ढीग करता येतो. पातळ थरात जो रंग पांढरा वाटतो तो ढिगात मळकट पिवळा किंवा गुलाबी निघतो. नमुना ४ चं असंच झालं, पांढरा लिहिला होता, आता 'फिकट गुलाबी'.

रंगांना इतकं महत्त्व का, तर टोपीचा रंग ऊन, पाऊस, वय यांनी बदलतो, बीजाणूंचा सहसा बदलत नाही. स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१ पासून जी वर्गवारी मांडली तिचा मोठा आधार हाच होता. आज डीएनए आल्यावर ती बरीचशी उलटीपालटी झाली, पण रानातून आलेल्या माणसाला अजून तीच उपयोगी पडते. पांढरा, गुलाबी, गंजासारखा तपकिरी, चॉकलेटी, काळा. क्वचित हिरवाही : क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस नावाच्या विषारी अळंबीचा.

२१ सप्टेंबर, रविवार

नमुने १० ते १७. आजचा दिवस बोलीट मंडळींचा. यांच्या टोपीखाली पात्या नसतात, स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात.

नमुना १२ कापला आणि डोळ्यांदेखत निळा झाला. आधी पिवळाधमक गर, मग चाकूच्या पात्याच्या मागोमाग एक हिरवट सावली, आणि मी 'पिवळा' लिहून होईतो गर्द निळा. मोबाइलवर मोजलं तर नऊ सेकंद. ताई म्हणाली, घाबरू नकोस आणि खूशही होऊ नकोस. गरातली काही रंगद्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतात म्हणून हे होतं, विषाशी त्याचा संबंध नाही. निळे होणारे काही बोलीट खातात, आणि लाल छिद्रांचा सेटन्स बोलीटही निळाच होतो, तो आतडी पिळवटून काढतो. निळेपणा ही नुसती एका रकान्यातली नोंद.

नमुना १५ : जाडजूड देठ, तपकिरी टोपी, देखणा. मला खात्री होती की हा खाण्यासाठी नावाजलेला पोर्चिनी, म्हणजे बोलीटस एड्युलिस. नाव लिहायला पेन्सिल उचललीसुद्धा. ताईने देठावर भिंग धरायला लावलं. पोर्चिनीच्या देठावर पांढरी जाळी असते. इथे जाळी देठापेक्षा गडद, आणि छिद्रांवर किंचित गुलाबी झाक. तिच्या देखरेखीखाली दाण्याएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकला. तासभर तोंड कडू. टायलोपिलस फेलियस. विषारी म्हणत नाहीत, पण एक पडला तर अख्खं भांडं वाया.

ही जिभेची चाचणी सरसकट करायची नाही, असं तिने बजावून लिहायला लावलंय. बोलीट (लाल छिद्रांचे सोडून) आणि रुसुला, एवढ्याच कुळांसाठी, आणि तेही कूळ पक्कं कळल्यावर.

२७ सप्टेंबर, शनिवार

नमुने १८ ते २१. चारच, पण आजची नोंद लांब होणार.

ओकच्या बुंध्यापासून दोन मीटरवर, पानांच्या थरातून वर आलेली एक अळंबी. टोपी ८.५ सेंमी, ऑलिव्हसारखी पिवळट हिरवी, मध्ये गडद, कडेला फिकट. पृष्ठभाग ओलसर चकचकीत, आत रुतल्यासारख्या बारीक रेघा मध्यापासून कडेकडे. खाली पांढऱ्याशुभ्र पात्या, दाट, देठाला न टेकलेल्या. देठावर वरच्या बाजूला झालरीसारखं कडं. वास किंचित गोडसर. सुरेख होती, हे लिहिलंच पाहिजे. कीडही लागलेली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी मी हिला कड्याच्या खाली कापलं असतं. आज चमच्याने भोवतीची पानं हलकेच दूर केली, मग माती, मग चमचा तिरका खाली घालून उचलली. देठाचं बूड फुगीर आणि त्याभोवती पांढरी, फाटकी पिशवी. अंड्याचं कवच फुटून अर्धं खाली राहावं तशी.

ताईने काही सांगितलं नाही. मीही नाव लिहिलं नाही, रकाने भरले. ठसा उद्या. पण आम्हा दोघांना ठाऊक होतं. अमानिटा फॅलॉइडिस, डेथ कॅप. जगात अळंबी खाऊन जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक हिच्या वाट्याचे आहेत.

परतताना ताई सांगत होती ते तसंच उतरवतो. हिच्यातलं अल्फा-अमानिटिन पेशींमधलं आरएनए पॉलिमरेज-२ हे एन्झाइम बंद पाडतं, म्हणजे पेशीला नवी प्रथिनं बनवण्याचा निरोपच पोचत नाही. सगळ्यात आधी यकृत कोसळतं. उकळून, वाळवून, गोठवून काहीही फरक पडत नाही. जे वाचले त्यांनी चव छान होती असं सांगितलंय. आणि खाल्ल्यावर लगेच काहीच होत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, माणूस ठणठणीत. मग उलट्या-जुलाब. मग एक दिवस बरं वाटतं, लोक दवाखान्यातून घरी जायची भाषा करतात, आणि त्याच वेळी आत यकृत जात असतं.

"म्हणून 'थोडं खाऊन बघू, काही झालं तर कळेलच' हे चालत नाही," ती म्हणाली. "कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

हात लावल्याने मात्र काही होत नाही. मी उगाच तिला चिमट्याने धरायला निघालो होतो.

बूड मातीत राहिलं असतं आणि कड्याच्या वर कापली असती तर वहीत काय उरलं असतं? 'हिरवट टोपी, पांढऱ्या पात्या.' एवढ्या वर्णनात एक खाण्याजोगी रुसुलाही बसते. तिला ना कडं असतं ना पिशवी, पण ते पाहायला देठ पूर्ण हवा.

२८ सप्टेंबर, रविवार

नमुना १८ चा ठसा : पांढरा. नाव पेन्सिलीने लिहिलं, ताईने त्यावर शाई फिरवली. पूर्ण प्रकल्पात शाईचा मान मिळालेलं हे पहिलं नाव.

नमुना १९ कालच तिथेच जवळ मिळाला होता, जमिनीतून नुकता वर आलेला पांढरा गोळा, लिंबाएवढा. मी पफबॉल (चेंडूसारखी, टोपी-देठ नसलेली अळंबी) म्हणत होतो. उभा, वरून खाली, अगदी मधोमध कापला. आत एका अळंबीचं चित्र : इवलीशी टोपी, तिच्याखाली पात्यांच्या दोन बारीक चंद्रकोरी, आखूड देठ, सगळं कवचात घडी घालून ठेवलेलं. कोवळा पफबॉल आतून पनीरसारखा एकसंध पांढरा असतो, कसलीही रेघ नाही. हे डेथ कॅपचं 'अंडं' होतं. आडवा कापला असता तर कदाचित नुसतं वर्तुळ दिसलं असतं. दोन्ही अर्धे वाळवून ठेवले आहेत. आता पांढरा गोळा दिसला की उभाच चिरायचा.

५ ऑक्टोबर, रविवार

बारा दिवस पाऊस नाही. जमीन खडखडीत. नमुने २२ आणि २३, दोन्ही लाकडावरच्या चामड्यासारख्या बुरशा.

वेळ होता म्हणून झाडं शिकलो. ताईचं म्हणणं, अळंबी शोधू नकोस, झाड शोध. पुष्कळ अळंब्यांचं कवकजाल, म्हणजे जमिनीतल्या धाग्यांचं जाळं, झाडाच्या मुळांना लपेटून राहतं : झाडाला पाणी आणि क्षार, बुरशीला साखर. या भागीदारीला मायकोरायझा हे नाव जर्मनीच्या फ्रँकने १८८५ साली दिलं. भागीदार ठरलेले असतात. लार्चच्या खाली लार्च बोलीट, बर्चखाली लाल टोपीची फ्लाय अ‍ॅगेरिक. ओक, बीच, बर्च, पाइन, लार्च एवढी पाच झाडं सालीवरून ओळखता आली पाहिजेत, कारण महिन्याभरात पानं झडतील. बीच आणि कोवळा ओक यांत अजून चुकतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

मंगळवार-बुधवारी पाऊस झाला. खरी गर्दी आणखी चार-सहा दिवसांनी होणार, पण धीर धरवला नाही. नमुने २४ ते ३३.

नमुना २६ : लाल टोपी, पांढऱ्या पात्या. ठिपके नाहीत म्हणून रुसुला असावी असं वाटलं. रुसुलाचा देठ खडूसारखा कट्‌कन मोडतो, कारण तिच्या गरात गोल पेशींचे पुंजके असतात, धागे कमी. हिचा देठ मोडताना तंतू निघाले. बुडाशी गाठ, गाठीवर वलयं. फ्लाय अ‍ॅगेरिक, ठिपके पावसाने धुऊन गेलेले. ते ठिपके म्हणजे कवचाचे चिकटून राहिलेले तुकडे असतात, टोपीचा भाग नव्हेच. मुलांच्या चित्रात जी एकमेव खूण असते तीच सगळ्यात कच्ची.

नमुना २९ : पांढरी टोपी, पात्या राखाडी गुलाबी, देठावर कडं. बूड नखाने खरवडलं तर झेंडूसारखं पिवळं, आणि फिनेलचा वास. अ‍ॅगेरिकस झँथोडर्मस. बाजारातल्या बटण मशरूमची बहीण, पण पोट बिघडवणारी. टोपीचा वास घेतला असता तर चटकन कळलं नसतं. इथेही बूडच बोललं.

नमुना ३१ : काचेवर ठेवलेली टोपी सकाळी नव्हतीच, काळ्या शाईचं थारोळं होतं. इंककॅप. यातली एक जात (कॉप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटारिया) एरवी चालते, पण तिच्यावर, अगदी दोन-तीन दिवसांनी जरी दारू घेतली तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड. माझी कोणती जात होती ते शाईवरून सांगता आलं नाही. नावाचा रकाना रिकामा.

ऑफिसात टोपलीचा विषय निघाला. तिघांनी तीन कसोट्या सांगितल्या : चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, गोगलगाईने खाल्लेली असेल तर चालते, टोपीची साल निघाली तर चालते. तिन्ही खोट्या आहेत. डेथ कॅपची साल छान निघते आणि गोगलगाई तिच्यावर ताव मारतात. वाद घातला नाही, फक्त १९ नंबरचा फोटो दाखवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नमुने ३४ ते ३९, आणि प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक होता होता राहिली.

पडलेल्या बीचच्या ओंडक्यावर हनी फंगसचे घोस, शेकड्यांनी. मधाच्या रंगाच्या टोप्या, त्यांवर बारीक गडद खवले, देठावर जाडसर कापशी कडं. एकावर एक दाटीने उगवत असल्याने वरच्या टोपीचे बीजाणू खालच्या टोपीवर पडून पिठाचा थर बसलेला, म्हणजे जंगलानेच ठसा काढून ठेवला होता : पांढरा. साल उचकटली तर खाली काळ्या बुटाच्या नाडीसारखे चपटे धागे. याच नाड्यांनी ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते. अमेरिकेत ओरेगनमधल्या मालूर जंगलात हिचा एकच जीव सुमारे ९.६ चौरस किलोमीटर पसरलाय.

रकाने भरले, नाव लिहिलं, ताईने मान डोलावली. मी टोपली भरली. अठ्ठावीस नग. "नीट शिजवल्या तर खातात ना?" "खातात, काहींना तरीही सोसत नाहीत. पण आधी सगळ्या पसर."

"सगळ्या? एकाच ओंडक्यावरच्या आहेत की."

"ओंडका एक आहे. अळंब्या अठ्ठावीस आहेत."

मेणकागदावर ओळीने मांडल्या. मी एकदा नजर फिरवली, सगळ्या सारख्या. दुसऱ्यांदा एकेक उचलून, उलटी करून पाहिली. सतरावीला हात थांबला. टोपी गुळगुळीत, खवले नाहीत, ओलसर, कड किंचित फिकट. कडं पातळ, कागदासारखं, आणि त्यावर पूड होती. पांढरी नव्हे, गंजासारखी तपकिरी. भिंगातून पुन्हा पाहिलं. पुन्हा तपकिरी.

गॅलेरिना मार्जिनाटा. लाकडावरच उगवते, हनी फंगसच्या घोसात बिनदिक्कत घुसते, आणि तिच्यात डेथ कॅपमधलीच अमाटॉक्सिन ही विषं असतात.

दुसरी ताईला सापडली, तेवीस नंबरची. मी ती हातात घेऊन परत ठेवली होती.

ठशापुरती एकेक ठेवून बाकी सगळ्या ओंडक्यापाशी परत. मला वाटलं होतं ताई रागावेल, ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "लिही." नमुना ३४ हनी फंगस, नमुना ३५ गॅलेरिना, जागा तीच, झाड तेच, अंतर शून्य. आतापर्यंत मी 'नमुना' म्हणजे एक ढीग समजत होतो. ढिगाला नाव देता येत नाही, हे माझ्या डोक्यात आज शिरलं. जागेच्या रकान्याशेजारी आता 'नग' असा रकाना, आणि प्रत्येक नगासमोर बरोबरची खूण.

१९ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही ठसे शेजारी शेजारी एकाच काचेवर : एक पांढरा, एक तपकिरी. फोटो काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

नमुने ४० ते ४४. पाचही कॉर्टिनेरियस. हे कूळ प्रचंड आहे आणि त्याच्यात मान्यवरही हरवतात. कोवळ्या टोपीच्या कडेपासून देठापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा असतो, नंतर तो फाटून देठावर चार धागे उरतात आणि त्यांवर गंजरंगी पूड अडकते. नमुना ४२ वर जाळं पूर्ण होतं. भिंगाखाली दवाचा एक थेंब त्यात अडकलेला दिसला.

यांतल्या काही जातींमध्ये ओरेलॅनिन असतं. ते मूत्रपिंडांवर जातं, आणि डेथ कॅपपेक्षाही सावकाश : लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस, कधी दोन-तीन आठवडे. तोवर जेवणाशी संबंध कोण लावणार? १९५० च्या दशकात पोलंडमध्ये शंभरावर लोकांना बाधा झाली तेव्हा कुठे कारण उलगडलं. त्याआधी ती निरुपद्रवी समजली जायची. २००८ साली स्कॉटलंडमध्ये एका ब्रिटिश कादंबरीकाराने नातलगांसोबत अशीच अळंबी खाल्ली. २०११ मध्ये त्याला मुलीने मूत्रपिंड दिलं तेव्हा डायलिसिस सुटलं.

ताई यावर एक नाव हमखास सांगते : युलियस शेफर, जर्मन कवकतज्ज्ञ. पॅक्सिलस इन्व्होल्युटस ही अळंबी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते. काहींच्या शरीरात ती वारंवार खाल्ल्यावर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. हे तेव्हा कळलेलं नव्हतं. शेफर १९४४ मध्ये तिने गेला. त्याने ओळखण्यात चूक केली नव्हती, नाव बरोबरच होतं.

पाचही नमुन्यांसमोर 'कॉर्टिनेरियस, जात नक्की नाही'. टोपलीत नाही, वेगळ्या डब्यात.

२ नोव्हेंबर, रविवार

नमुने ४५ ते ४७. नमुना ४५ हेजहॉग, हिड्नम. टोपीखाली पात्याही नाहीत आणि छिद्रंही नाहीत, लोंबते काटे, मऊ, बोट फिरवलं की खाली गळतात. गर फिकट, टोपी सायीच्या रंगाची, वेडीवाकडी. ठसा पांढरा. जमिनीवर, बीचखाली. सात नग, सातही समोर खूण.

आज पहिल्यांदा खाल्लं. ताईच्या अटी : एकच जात, पूर्ण शिजवून, थोडीशीच, जेवणात दुसरी नवी गोष्ट नाही, दारू नाही. एक कच्चा नग कागदात गुंडाळून तारीख घालून फ्रिजमध्ये, काही झालंच तर डॉक्टरांना दाखवायला. आणि त्रास वाटला तर उलटीची वाट न बघता सरळ दवाखाना.

चव? बरी. जरा खमंग, चिवटपणाकडे झुकणारी. आठ आठवड्यांची मेहनत जिभेवर अर्ध्या मिनिटात संपली. खरं तर रात्री झोपेपर्यंत घड्याळच बघत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

जंगलात गेलो नाही, वही लावली. एकूण ४७. जातीपर्यंत पोचलेले १९, कुळापर्यंत १७, काहीच न कळलेले ११. अ‍ॅपकडे पुन्हा एकदा सगळे फोटो घातले, गंमत म्हणून. त्याने ४७ ही नावं दिली, एकही रकाना रिकामा नाही. गॅलेरिनाला हनी फंगस म्हणालं. फोटोत बूड नव्हतं, पूड दिसत नव्हती, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

अकरा रिकाम्या रकान्यांचे नमुने वाळवून, ठशांसकट पाकिटात. सूक्ष्मदर्शक मिळाला तर बीजाणूंचा आकार मोजता येईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे दव गोठलं. ओंडक्यावरची हनी फंगस काळ्या चिखलासारखी लोंबतेय. मी परत फिरणार होतो, तर मेलेल्या एल्मच्या खोडावर, छातीएवढ्या उंचीवर दोन अळंब्या. टोप्या नारिंगी तपकिरी, बुळबुळीत, ३ सेंमी. पात्या फिकट पिवळट. देठ वर पिवळा, खाली काळपट तपकिरी आणि बोटाला मखमलीसारखा. कडं नाही. वास विशेष नाही. लाकडातून बुडासकट सोडवल्या.

नमुना ४८. नग २. व्हेल्व्हेट शँक, फ्लॅम्युलिना, असावी. ती बहुतेक हिवाळ्यात येते, गोठून वितळली तरी पुन्हा बीजाणू सोडते. पण लाकूड, तपकिरी टोपी, लहान चण हे सगळं गॅलेरिनालाही लागू पडतं, आणि तिचं कडं कधी कधी झडून जातं. दोन्ही टोप्या काचेवर, वर वाट्या. पेन्सिल ताईच्या हातात दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

काच कोरी. खोली फार गार होती. पाण्याचा थेंब पुन्हा लावून काच स्वयंपाकघरात आणली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काळ्या कागदावर दोन गोल, चरख्याच्या आऱ्यांसारखे. ब्लेडने ढीग केला, खिडकीपाशी नेला, दिव्याखाली नेला. पांढरा. दोन्ही नग.

नाव लिहिलं. खाल्ल्या नाहीत, दोनच होत्या.